पहिलटकरणीचं घर : खानदेशातल्या गरोदरपणाचा एक इतिहास

बाळंतपणासाठी मराठीत एक घरगुती शब्द आहे, जचकी. नंदुरबारच्या बाजारात, शहाद्याच्या एसटी स्टँडवर, धुळ्याच्या दवाखान्यात तो सगळ्या जातीधर्मांच्या बायकांच्या तोंडी असतो. ‘सुनेची जचकी कधी आहे?’ असं विचारणाऱ्या आजीला हा शब्द फारसीतून आला, हे ठाऊक नसतं आणि तिला त्याची गरजही नसते. फारसीत बाळंतिणीला जच्चा म्हणतात, तिच्या अवस्थेला जच्चगी. ‘दाई’ हा शब्दही त्याच वाटेनं आला. उलट आपल्या मुस्लिम घरांत पाचवी-छठीचा जो थाट असतो, तो इथल्या मातीतून आला. म्हणजे इतिहासाच्या पुस्तकांत तलवारी एकमेकींवर आदळत होत्या, तेव्हा माजघरात बायका एकमेकींकडून शब्द, काढे आणि काळजी उसनी घेत होत्या.

या माजघराचा इतिहास लिहिला गेला नाही. फारुकी सुलतानांनी १३८२ पासून खानदेशावर राज्य केलं, अकबरानं १६०१ मध्ये असीरगड घेतला, पुढे मराठे आले, इंग्रज आले, हे सगळं आपण शाळेत वाचतो. मात्र या सहाशे वर्षांत पहिल्यांदा दिवस गेलेली एखादी अठरा-वीस वर्षांची पोर कशी जगत होती, काय खात होती, कशाला घाबरत होती, याबद्दल शंभर पानांत एखादी ओळ सापडते. त्या विखुरलेल्या ओळी एकत्र ठेवल्या, तर आजच्या नंदुरबार जिल्ह्याबद्दल बरंच काही कळतं.

ज्वारीच्या पोत्यातलं डाळिंब

इब्न बतूता चौदाव्या शतकात, १३४२ च्या सुमारास, दौलताबादहून खंबायतकडे जाताना नंदुरबारवरून गेला. त्यानं इथल्या मराठी माणसांचं कौतुक केलं आहे. हे लोक कारागिरीत निपुण आहेत, वैद्यक आणि ज्योतिष जाणतात, भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात, जेवणाआधी स्वच्छ अंघोळ करतात, असं तो लिहितो. आपल्या गावाबद्दलची इतकी जुनी नोंद वाचून छान वाटतं. पण त्यात वैद्यांची नोंद झाली, सुईणींची झाली नाही. प्रवाशाला ओसरी दिसते, बाळंतिणीची खोली दिसत नाही.

राजघराण्यातल्या बाईचे डोहाळे मात्र नोंदवले गेले. १५४२ मध्ये राज्य गमावलेला हुमायूँ सिंधच्या वाळवंटात भटकत होता. सोबत गरोदर हमीदा बानू होती, पंधरा वर्षांची, पहिलटकरीण. अबुल फजलनं ‘अकबरनामा’त सांगितलं आहे की, त्या उजाड जागी तिला डाळिंब खावंसं वाटलं. जिथे धान्य मिळणं कठीण, तिथे डाळिंब कुठून आणणार? तेवढ्यात कुणीतरी ज्वारीचं पोतं विकायला आणलं आणि ते रिकामं करताना त्यातून एक मोठं रसाळ डाळिंब बाहेर पडलं. १५ ऑक्टोबर १५४२ रोजी अमरकोटला तिनं ज्या मुलाला जन्म दिला, त्याला जग अकबर म्हणून ओळखतं.

दरबारी इतिहासकारानं ही गोष्ट होणाऱ्या बादशहाचा चमत्कार म्हणून लिहिली. मी ती वेगळ्या नजरेनं वाचतो. तहान, पळापळ आणि उपासमारीतही त्या माणसांना एका गरोदर मुलीची आंबट-गोड इच्छा महत्त्वाची वाटली. खानदेशातल्या ज्वारीच्या घरांत आजही हेच चालतं. डोहाळतुलीला ‘काय खावंसं वाटतं?’ हा प्रश्न एरवी तिला कधीच विचारला जात नाही. सासरी आल्यापासून ती इतरांच्या आवडीचं रांधत असते. पहिल्या गरोदरपणात, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, तिची आवड घराच्या चर्चेचा विषय होते.

आपल्या जिल्ह्यात या इच्छेला आमचुराची चव आहे. उन्हाळ्यात धडगाव-अक्राणीच्या डोंगरात आदिवासी बायका कैऱ्या सोलून, फोडी करून खडकांवर वाळवतात. तो आमचूर खाली बाजारात उतरतो. दादर ज्वारीची भाकरी, कळण्याची भाकरी, त्यासोबत आमचुराचं पाणी किंवा चिंचेची चटणी, हे मळमळ होणाऱ्या बाईला बरं वाटतं. काही जणी मात्र लपून माती खातात, भाजलेली किंवा कच्ची. घरातले हसतात, ‘डोहाळेच ते’ म्हणतात. माती खाण्याची ओढ पुष्कळदा रक्तातल्या लोहाच्या कमतरतेशी जोडलेली असते. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचा आजारही आहे, म्हणून पहिल्या तीन महिन्यांतच रक्ताची तपासणी होणं फार गरजेचं ठरतं. काही डोहाळे पुरवायचे असतात आणि काहींसाठी दवाखाना गाठायचा असतो.

बुऱ्हाणपूर, १६३१

खानदेशाच्या राजधानीत, बुऱ्हाणपुरात, १७ जून १६३१ रोजी एक बाई बाळंतपणात मरण पावली. तिचं नाव अर्जुमंद बानू, म्हणजेच मुमताज महल. हे तिचं चौदावं बाळंतपण होतं. १६१२ मध्ये लग्न झालं, पुढच्याच वर्षी पहिली मुलगी झाली, ती तीन वर्षांची होऊन गेली. एकोणीस वर्षांत चौदा बाळंतपणं आणि त्यातली सात मुलं जगली. शेवटची मुलगी गौहर आरा वाचली, आई वाचली नाही. तापीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत तिला तात्पुरतं दफन केलं गेलं आणि डिसेंबरमध्ये देह आग्र्याकडे नेला. सोबत शाहजादा शुजा, हकीम वझीर खान आणि तिची सखी सती-उन-निसा होती. सती-उन-निसा स्वतः वैद्यकाची जाणकार होती.

ताजमहालावर आपण पुष्कळ बोलतो. प्रेमाचं प्रतीक म्हणतो, कुणी त्यावर वाद घालतो. पण ती इमारत मुळात एका मातामृत्यूची कबर आहे, हे आपल्याकडे फारसं कुणी म्हणत नाही. जगातल्या सर्वांत श्रीमंत दरबारातली बाई होती, हकीम दाराशी होते, जाणकार सखी उशाशी होती, तरी ती गेली. कारण तेव्हा वारंवारच्या बाळंतपणाचा थकवा आणि त्यानंतरचा रक्तस्राव यावर जगात कुठेच इलाज नव्हता. संपत्तीनं संगमरवर विकत घेता आला, रक्त देता आलं नाही.

त्याच काळात बाहेर रस्त्यावर काय चाललं होतं? १६३० ते १६३२ या काळात गुजरात आणि दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला होता. इंग्रज व्यापारी पीटर मंडी नोव्हेंबर १६३० मध्ये सुरतेहून नवापूर, नंदुरबार, थाळनेर या मार्गानं बुऱ्हाणपूरला गेला. रस्त्याकडेला पडलेल्या प्रेतांचं त्यानं केलेलं वर्णन वाचवत नाही. बादशहानं बुऱ्हाणपूर, अहमदाबाद, सुरत इथे लंगर सुरू केले. त्या प्रेतांत किती गरोदर बाया असतील, त्यांतल्या किती पहिलटकरणी, हे कुणीच मोजलं नाही. मुमताजची कबर जगाला माहीत आहे. नंदुरबारच्या वाटेवर पडलेल्या बाईची खूणही नाही. मातामृत्यूचा इतिहास लिहायचा तर या दोघींना एकाच वाक्यात आणावं लागतं.

सतवासा आणि डोहाळजेवण

१८३२ मध्ये लंडनला ‘कानून-ए-इस्लाम’ नावाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दख्खनचे जाफर शरीफ यांनी तो लिहिला आणि मद्रास इलाख्यातल्या हर्कलॉट्स नावाच्या डॉक्टरनं इंग्रजीत आणला. दख्खनी मुसलमानांच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या रीतींची ही तपशीलवार नोंद आहे. विशेष असं की, त्यात माणसाची गोष्ट जन्मानंतर नाही तर आईच्या सातव्या महिन्यापासून, सतवाशापासून सुरू होते. जाफर शरीफ यांना कळलं होतं की बाळाच्या आधी आई असते.

खानदेशात सतवासा आणि डोहाळजेवण शेजारीशेजारी वाढले. एका घरात हिरवी साडी, फुलांची वाडी, ओटीत नारळ, तांदूळ आणि पाच फळं. दुसऱ्या घरात नवा जोडा, गजरे, गोदीत खजूर, नारळ, सुका मेवा आणि नंतर फातिहा किंवा सूरह मरियमचं पठण. दोन्ही घरांत त्या मुलीला पाटावर किंवा खुर्चीवर बसवतात आणि इतर बायका तिची सेवा करतात. दोन्ही घरांतल्या बांगड्या बहुधा एकाच मणियाराच्या टोपलीतून येतात. बाळासाठी कापूस पिंजून मऊ गादी भरणारा पिंजारीही मुसलमान. जुन्या साड्यांची, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्यांची दुपटी शिवली जातात. बाळ यायच्या आधी नवं कापड आणू नये, असा समज दोन्हीकडे आहे. समज खुळा असेल, पण नव्या खरखरीत कापडापेक्षा उकळून धुतलेलं जुनं सुती कापड बाळाच्या कातडीला चांगलं, हे मात्र खरं.

मग स्वयंपाकघरात डबे भरू लागतात. डिंक, खारीक, खोबरं, खसखस, सुंठ, अळीव, बाळंतशोपा, ओवा. एकीकडे डिंकाचे लाडू, दुसरीकडे ओव्यापासून केलेली अछवानी आणि गव्हाचा हरीरा. नावं वेगळी, हेतू एकच. थकलेल्या शरीरात पुन्हा ताकद यावी, दूध यावं. चाळीस दिवसांचा चिल्ला आणि सव्वा महिना हेही एकाच गोष्टीचे दोन हिशेब. बाईनं या काळात चुलीजवळ जाऊ नये, जड उचलू नये, असं म्हणणारी रीत म्हणजे मजुरी करणाऱ्या समाजानं तिच्यासाठी काढलेली पगारी सुट्टीच होती. फक्त ज्यांच्या घरात रोज कमावल्याशिवाय चूल पेटत नाही, त्यांना ती कधी मिळाली नाही. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींवर देठ खुडणाऱ्या बायकांना विचारा. हिवाळ्यात लाल मिरचीचा खकाणा उडत असतो, पदर नाकाला बांधून त्या बसलेल्या असतात. सातवा महिना असला तरी रोजंदारी सुटत नाही.

रीतींत सगळंच काही काळजीतून आलेलं नाही. ग्रहणाचं उदाहरण घ्या. ग्रहण लागलं की गरोदर बाईला अंधाऱ्या खोलीत बसवायचं, चाकू-सुरीला हात लावू द्यायचा नाही, पाणीही देऊ नये, हे आपल्याही घरांत पाळलं जातं. खरं तर इस्लामच्या इतिहासात याचं स्पष्ट उत्तर आहे. पैगंबर मुहंमद (स.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम वारले, त्या दिवशी सूर्यग्रहण झालं. लोक म्हणू लागले, दुःखानं सूर्यही काळवंडला. पैगंबरांनी त्या शोकातही लोकांना सांगितलं की सूर्य-चंद्राला कुणाच्या मरणामुळे किंवा जीवनामुळे ग्रहण लागत नाही. स्वतःच्या मुलाच्या मृत्यूच्या दिवशी ज्यांनी ही अंधश्रद्धा नाकारली, त्यांच्या अनुयायांनी गरोदर मुलीला तासन् तास तहानलेलं ठेवावं, हे न पटणारं आहे.

रमजानचंही तसंच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज्याची सवलत आहे, हदीसमध्ये तिचा उल्लेख प्रवाशासोबत येतो. स्वतःला किंवा बाळाला त्रास होईल असं वाटलं तर रोजा सोडून नंतर कजा करता येते. तरीही ‘पहिलाच आहे, इतकं काय?’ म्हणणारे नातेवाईक असतात आणि लोकलाजेखातर उन्हाळ्यात पाण्याविना राहणाऱ्या मुलीही असतात. धर्मानं दिलेली सवलत घरानं काढून घेऊ नये.

पहिलं बाळंतपण माहेरीच?

पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, ही रीत हिंदू-मुस्लिम दोघांचीही. तिच्यामागे समंजसपणा आहे. घाबरलेल्या मुलीला आई जवळ हवी असते, सासूसमोर ओरडताही येत नाही. माहेरी उशिरापर्यंत झोपता येतं, नको ते नको म्हणता येतं.

पण एक रीत सक्ती झाली की काय होतं, हे मौलाना अशरफ अली थानवी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या ‘बहिश्ती जेवर’मध्ये दाखवून दिलं. हे पुस्तक आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या लग्नात मुलींना दिलं गेलं. त्यातल्या कितीतरी गोष्टींशी आजची वाचक स्त्री सहमत होणार नाही. मात्र जन्माच्या रीतींवर लिहिताना त्यांनी पहिला आक्षेप याच रीतीवर घेतला. पहिलं मूल बापाच्या घरीच व्हायला हवं, या हट्टापायी दिवस भरत आलेल्या मुलीला पाठवलं जातं आणि ती प्रवासाला योग्य आहे की नाही, हेही पाहिलं जात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मौलानांची भाषा धार्मिक होती, पण मुद्दा वैद्यकीय होता.

खानदेशाच्या संदर्भात तो अधिकच लागू पडतो. बैलगाडी हेच वाहन होतं तेव्हा तळोद्याहून शहाद्यालाही दिवस जायचा. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी खोऱ्याची रेल्वे सुरतेहून नंदुरबारमार्गे अमळनेरकडे गेली आणि माहेरच्या वाटा बदलल्या. सुरत, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर अशी एक नवी नात्यांची रांग रुळांवर तयार झाली. ज्यांच्या गावाला स्टेशन होतं, त्यांच्या लेकी सुखरूप पोचू लागल्या. डोंगरातल्या लेकींसाठी काहीच बदललं नाही.

आजही हाच प्रश्न पहिल्या गरोदरपणात प्रत्येक घरानं विचारायला हवा. माहेर की सासर, हे नंतर. दोन्हीपैकी कुठून रात्री दोन वाजता दवाखाना जवळ आहे? रक्त कुठे मिळेल? गाडी कुणाची? ओटीभरणाच्या यादीत नारळाआधी या तीन गोष्टी लिहिल्या पाहिजेत.

दाईची पत

इब्न खल्दूननं चौदाव्या शतकात ‘मुकद्दिमा’ लिहिताना समाजाला आवश्यक अशा हस्तकलांत आणि विद्यांत सुईणीच्या कामाला स्वतंत्र प्रकरण दिलं. तिचं काम तो श्रेष्ठ मानतो आणि प्रसूत आई व नवजात बाळ यांच्या दुखण्यांत सुईणी निष्णात वैद्यापेक्षाही अधिक जाणतात, असं सांगतो. त्याच्याही चारशे वर्षं आधी कुर्तुबामध्ये अरीब इब्न सअद यांनी गर्भ, गरोदर बाई आणि नवजात बाळ यांच्या देखभालीवर पुस्तक लिहिलं होतं. हनफी फिकहमध्ये जन्माच्या बाबतीत एकट्या दाईची साक्ष ग्राह्य धरली गेली. एरवी साक्षीदारांची संख्या मोजणारा कायदा इथे एका बाईच्या शब्दावर थांबला, कारण त्या खोलीत दुसरं कुणी नसतं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे दाईचं काम जातीच्या उतरंडीत अगदी खाली ढकललं गेलं. तिनं नाळ कापावी, घाण उचलावी, शेर-दोन शेर धान्य, एखादं लुगडं घेऊन जावं आणि अंघोळ झाल्यावर बाळाला तिनं पुन्हा शिवू नये. मुस्लिम घरंही यात मागे राहिली नाहीत. दाई, धोबी, न्हावी यांच्याकडे बघण्याची आपली नजर शेजाऱ्यांसारखीच झाली. शब्द फारसीतून घेतला, इब्न खल्दूनचा आदर घेतला नाही. ज्या कामाला पत नाही, त्यात नवं शिकायला कोण येणार? मग तोच गंजका विळा, तोच अस्वच्छ हात, तीच बाजेखालची शेगडी आणि बंद खोलीतला धूर.

अस्वच्छ हाताचा प्रश्न एकट्या भारताचा नव्हता. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरच्या लक्षात आलं की, शवविच्छेदन करून थेट प्रसूतीला येणारे डॉक्टरच बाळंतिणींना ताप देत आहेत. त्यानं क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्यानं कमी झाले. त्याच्याच व्यवसायातल्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं. म्हणजे हात न धुणारी खेड्यातली दाई अडाणी, असं म्हणण्याआधी युरोपातले प्राध्यापक आठवावेत.

भारतात १८८५ मध्ये डफरिन फंड सुरू झाला आणि बायकांसाठी बायकांचे दवाखाने उभे राहू लागले. १९०३ मध्ये लेडी कर्झननं दाईंच्या प्रशिक्षणासाठी निधी काढला. नंदुरबारला सर्वांत जवळचं मोठं शहर सुरत. तिथे १८९५ च्या सुमारास डॉ. रखमाबाई आल्या. बालविवाह नाकारल्याबद्दल ज्यांच्यावर देशभर खटला गाजला, त्या रखमाबाई लंडनहून डॉक्टर होऊन सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळात काम करू लागल्या. त्यांनी तिथे दोन दशकं घालवली. पडदा पाळणाऱ्या मुस्लिम आणि हिंदू बायकांसाठी बाई डॉक्टर असणं म्हणजे दवाखान्याचं दार उघडणं होतं. ‘आमच्या बायका दवाखान्यात जात नाहीत’ हे वाक्य तेव्हाही अर्धसत्य होतं. विश्वासाचं माणूस दारात उभं असलं की बायका जातात.

सातपुड्याची वाट

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला. लोकसंख्येत दोन तृतीयांशाहून अधिक आदिवासी. भिल्ल, पावरा, कोकणी, मावची. मुसलमान मुख्यतः शहरांत आणि बाजारगावांत. अक्कलकुव्यात मौलाना गुलाम मुहंमद वस्तानवी यांनी १९७९ मध्ये सुरू केलेल्या जामियाच्या आवारात पुढे युनानी वैद्यकाचं महाविद्यालयही उभं राहिलं. २०२० मध्ये नंदुरबारला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. कागदावर जिल्हा बराच पुढे आला आहे.

योजनाही आल्या. २००५ ची जननी सुरक्षा, २०१४ ची १०८ रुग्णवाहिका, पहिल्या बाळंतपणासाठी पाच हजार रुपये देणारी २०१७ ची मातृवंदना. २०१५ मध्ये राज्यानं आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दिवसातून एक वेळचं गरम, पूर्ण जेवण द्यायला सुरुवात केली आणि त्या योजनेला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचं नाव दिलं. क्षेपणास्त्रांच्या शास्त्रज्ञाचं नाव भाकरी, डाळ, भाजी आणि अंड्याच्या ताटाला मिळालं, हा मला त्यांचा सर्वांत मोठा सन्मान वाटतो.

पण ताट अंगणवाडीत असतं आणि बाई असते ती ऊसतोडीला. दिवाळीनंतर डोंगरातली कुटुंबं गुजरातच्या साखर कारखान्यांकडे निघतात. पहिलटकरीणही सोबत जाते, तिची नोंद गावात राहते आणि पोट परराज्यात वाढतं. उरलेल्या पाड्यांवर रस्ता नाही. कळा सुरू झाल्या की बांबूला झोळी बांधून तिला खांद्यावरून खाली आणावं लागतं. लोकांनी या झोळीला कडवट विनोदानं ‘बांबूलन्स’ म्हटलं. सरदार सरोवराच्या फुगवट्यानं नर्मदाकाठचे पाडे पाण्यानं तुटले, तिथे तरंगता दवाखाना आणि बोटीची रुग्णवाहिका चालवावी लागली.

२०२० मध्ये, कोरोनाच्या भीतीनं पाड्यांवरच्या बायका अंगणवाडीत येईनात, तेव्हा अक्कलकुवा तालुक्यातल्या चिमलखेडीच्या अंगणवाडीसेविका रेलू वसावे यांनी मच्छीमाराकडून छोटी होडी घेतली. रोज अठरा किलोमीटर वल्हवत त्या अलिगाट आणि दादर या पाड्यांवर जात. सात गरोदर बाया आणि पंचवीसेक तान्ही, कुपोषित मुलं त्यांच्या यादीत होती. त्यांचं वजन, त्यांचा आहार, त्यांच्या गोळ्या. इब्न खल्दूननं ज्या विद्येला श्रेष्ठ म्हटलं, तिचं आजचं रूप बघायचं तर नर्मदेच्या त्या पाण्यावर बघावं.

२०१८-२० च्या सरकारी आकडेवारीनुसार दर एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ माता दगावतात. महाराष्ट्राचा आकडा देशात चांगल्यांपैकी आहे. पण राज्याची सरासरी पुण्या-मुंबईला आणि अक्राणीला एकाच तागडीत टाकते. १६३१ मध्ये इलाज जगातच नव्हता. आज तो जगात आहे, नंदुरबारात आहे, फक्त डोंगरातल्या त्या बाईपासून चार तास दूर आहे.

अस्मांची वाट

इस्लामी इतिहासात एका पहिलटकरणीची वाट फार महत्त्वाची आहे. हजरत अस्मा बिन्त अबू बक्र (र.) या गरोदर असतानाच पैगंबरांच्या हिजरतीच्या तयारीत होत्या. कमरेचा पट्टा फाडून त्यांनी शिदोरी बांधून दिली. पुढे दिवस भरत आलेले असताना त्या मक्केहून मदिनेच्या वाटेला लागल्या आणि कुबामध्ये त्यांनी अब्दुल्लाह यांना जन्म दिला. मदिनेत मुहाजिरांच्या घरी जन्मलेलं ते पहिलं मूल. पैगंबरांनी खजूर चावून त्याच्या टाळूला लावला आणि वस्तीत आनंद झाला.

आपण या प्रसंगातून तहनीक उचलली. बाळाला खजूर चाटवायला आजी-आजोबांची घाई असते. पण त्या मुलासाठी सगळी वस्ती आनंदली होती, हा भाग राहून गेला. कुरआनमधली मरियमची गोष्टही आपण सतवाशाला पठण करतो. कळांनी हैराण झालेली, यापेक्षा मेले असते तर बरं म्हणणारी एकटी बाई आणि तिला मिळालेला दिलासा काय? खजूर खा, पाणी पी, मन शांत कर. उपदेश नाही, दोष नाही. आधी अन्न, पाणी आणि धीर. याहून चांगली प्रसूतिसेवेची व्याख्या मला माहीत नाही.

म्हणून रीती टाकाव्यात की पाळाव्यात, हा वाद मला अपुरा वाटतो. प्रत्येक रीतीला एकच प्रश्न विचारावा, हिच्यामुळे त्या मुलीच्या वाट्याला विश्रांती, अन्न आणि सोबत येते की ओझं? डोहाळे विचारणं, चिल्ल्याची सुट्टी, जुन्या लुगड्याचं दुपटं, शेजारणीनं आणलेला हरीरा, हे सगळं ठेवावं. ग्रहणाची कोंडी, लोकलाजेचा रोजा, शेगडीचा धूर, न झेपणारा प्रवास हे सोडावं. आणि घरातल्या पुरुषांनी हजरत आयशा (र.) यांनी सांगितलेली साधी गोष्ट आठवावी की पैगंबर घरी असले की घरच्यांच्या कामात असत. सुन्नत म्हणून आपण पुष्कळ काही मिरवतो. नवव्या महिन्यात पाण्याचा हंडा उचलणं हीही सुन्नतच आहे.